आठवड्यातून तीन-चारच ओढतो, तर काय बिघडते?

या सदरासाठी आलेल्या पत्रांत गेल्या काही महिन्यांपासून एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येत आहे. पत्र लिहिणारे बहुतेक विशी-पंचविशीतले आहेत. त्यांपैकी कोणीही स्वतःला व्यसनी मानत नाही आणि तरीही प्रत्येकाच्या मनात कुठेतरी शंका आहे. म्हणून हे सदर अधूनमधून सिगारेट ओढणाऱ्यांच्या शंकांसाठी राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख दिलेली नाही. मी छातीच्या विकारांवर उपचार करतो आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांना समुपदेशनही करतो. त्या अनुभवाच्या आधारे ही उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी २५ वर्षांचा असून हिंजवडीत एका संगणक कंपनीत नोकरी करतो. दुपारी चार-साडेचारला आमची टीम खाली टपरीवर चहाला जाते, तेव्हा आठवड्यातून तीन-चार वेळा मी सिगारेट ओढतो. घरी कधीच ओढत नाही आणि आजवर एकदाही पाकीट विकत घेतलेले नाही. सुट्टीत गावी गेलो की आठ-आठ दिवस आठवणसुद्धा होत नाही. रोज व्यायाम करतो, महिन्यातून एक-दोनदा सिंहगड चढतो. बहीण मात्र सारखी ‘सोड’ म्हणून मागे लागली आहे. एवढ्याने खरोखर काही होते का? कृपया भीती न घालता उत्तर द्यावे.

उत्तर : आपली मागणी रास्त आहे, म्हणून आधी आपल्या बाजूने जे खरे आहे ते सांगतो. आपल्या वयाच्या आणि आपल्याइतक्या कमी सिगारेटी ओढणाऱ्या निरोगी तरुणाला येत्या वर्ष-दोन वर्षांत मोठा आजार होण्याची शक्यता फार थोडी आहे. अधूनमधून ओढणारा प्रत्येक जण पुढे दिवसाला पाकीट संपवू लागतोच, असेही नाही. अमेरिकेतील पिट्सबर्गचे मानसशास्त्रज्ञ सॉल शिफमन यांनी, वर्षानुवर्षे दिवसाला पाचांच्या पुढे न जाणाऱ्या आणि सिगारेट मिळाली नाही तरी बेचैन न होणाऱ्या लोकांचा बराच अभ्यास केलेला आहे. अशी माणसे असतात. आपण त्यांच्यातले आहोत की नाही हे पंचविशीत ओळखण्याची खात्रीची चाचणी मात्र नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये इंग्रजी भाषक देशांतील आठ पाहण्यांमधून दोन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सिगारेट ओढून पाहिली होती, त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण पुढे निदान काही काळ तरी रोज ओढणारे झाले होते. त्यांपैकी किती जणांनी पहिल्या वर्षी ‘मी कधीतरीच ओढतो’ असे म्हटले असेल, याचा विचार आपण करावा.

आता ‘एवढ्याने काय होते’ या मूळ प्रश्नाकडे वळतो. साधा हिशेब असा वाटतो की वीस सिगारेटींनी जेवढे नुकसान होते, त्याचा विसावा भाग एका सिगारेटीने होत असेल. फुफ्फुसाच्या कर्करोगाबाबत हा हिशेब काही अंशी जमतो, जरी तिथेही किती ओढली यापेक्षा किती वर्षे ओढली याला अधिक वजन आहे. हृदयाच्या बाबतीत मात्र तो साफ चुकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अॅलन हॅकशॉ व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १४१ दीर्घकालीन अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका कधीही न ओढणाऱ्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी, तर स्त्रियांत ५७ टक्क्यांनी अधिक आढळला. दिवसाला वीस ओढणाऱ्या पुरुषांत जो वाढीव धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकाच सिगारेटीने पदरात पडतो, असा याचा अर्थ होतो.

असे का होते हे समजून घेतले तर आकड्यांवर विश्वास ठेवणे सोपे जाते. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एका पेशीएवढ्या जाडीचे अस्तर असते आणि गरजेनुसार वाहिनी रुंद करण्याचे काम ते अस्तर करते. धुरातील अतिसूक्ष्म कण आणि दाहक रसायने रक्तात पोहोचली की अस्तराचे हे काम बिघडते, वाहिनी पुरेशी पसरत नाही आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबाणू नावाच्या पेशी अधिक चिकट होतात. हा परिणाम अगदी थोड्या धुरानेच बराचसा होऊन जातो. त्यानंतर ओढलेल्या सिगारेटी त्यात तुलनेने कमी भर घालतात. जपानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कधीही न ओढणाऱ्या निरोगी तरुणांना केवळ अर्धा तास इतरांच्या धुरात बसवले होते, आणि तेवढ्यानेही त्यांच्या हृदयाच्या वाहिन्यांची पसरण्याची क्षमता लक्षणीय घटलेली दिसली.

आपले प्रमाण दिवसाला एकाहूनही कमी आहे, हे मी विसरलेलो नाही. त्या गटाचीही माहिती उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये साठीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या सुमारे दोन लाख नव्वद हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे आयुष्यभराचे प्रमाण दिवसाला सरासरी एकाहूनही कमी होते, त्यांचा अभ्यासाच्या काळात मृत्यू होण्याचा धोका कधीही न ओढणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी अधिक निघाला. हे लोक वर्षानुवर्षे तसे ओढत राहिले होते, आपण आत्ताच सुरुवातीला आहात. म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करणे योग्य होणार नाही. आपली आजची सवय आहे तशीच चालू राहिली तर ती कुठे पोहोचते, एवढे मात्र त्यावरून कळते. भारतीयांनी यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात, दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो असे दिसले होते.

सिंहगड चढता येतो ही आनंदाची गोष्ट आहे आणि तो व्यायाम आपण मुळीच सोडू नये. पण दम न लागणे हे फुफ्फुसांच्या राखीव क्षमतेचे लक्षण आहे, आणि तरुण वयात ती क्षमता एवढी असते की थोडी घटली तरी जाणवत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात काय चालले आहे हे तर गड चढून कळत नाहीच. व्यायामाने हृदयाचे भले होते, मात्र त्याने सिगारेटीचा परिणाम धुऊन निघत नाही.

आपल्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील म्हणजे गावी गेल्यावर आठवणही होत नाही, हा. आपली सिगारेट निकोटीनच्या गरजेपेक्षा त्या टपरीला, त्या वेळेला आणि त्या माणसांना बांधलेली आहे. टपरीवरचा तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. चहाचा ग्लास हातात येतो, टपरीवाला न विचारताच आपली नेहमीची सिगारेट काढून पुढे करतो, खांबाला दोरीने बांधलेला लायटर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि पाच मिनिटांनी सगळे सोबतच वर जातात. यात ‘ओढू की नको’ असा प्रश्न आपल्याला कोणीही विचारत नाही, आपणही स्वतःला विचारत नाही. तो प्रश्न विचारला जाईल अशी सोय करणे हाच आपल्यासाठीचा उपाय आहे. टीमबरोबर चहाला जरूर जा, कारण ती सोबत तोडली तर निर्णय चार दिवसही टिकणार नाही. पण टपरीवाल्याला एकदा स्पष्ट सांगून ठेवा की आता मला देऊ नका. सहकाऱ्यांपैकी निदान एकाला हे ठाऊक असू द्या आणि चहा घेऊन धुरापासून दूर उभे राहा. आपल्यासारख्या माणसाला औषधाची किंवा निकोटीनच्या च्युइंगगमची बहुधा गरज पडत नाही. ‘कमी करीन’ असेही म्हणू नका, कारण आपण आधीच कमी ओढता आणि हृदयाच्या दृष्टीने त्याहून कमी करण्यात फारसा लाभ नाही. पूर्ण थांबण्यातच तो आहे.

पाकीट कधी घेतले नाही, याचे आपल्याला समाधान वाटते. त्याची दुसरी बाजूही पाहावी. पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो आणि २०१८ पासून त्यावर व्यसन सोडण्यासाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांकही छापला जातो. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या नजरेला यातले काहीच पडत नाही, शिवाय ती हातखर्चात बसते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. ती बहुतेक टपऱ्यांवर पाळली जात नाही, हे मला फार खटकते. अधूनमधून ओढणारा तरुण टिकून राहतो तो याच सुट्या विक्रीवर.

प्रश्न : मी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेत सलग चार-पाच तास बसल्यावर डोके जड होते. मग मित्राबरोबर खाली जाऊन एक सिगारेट दोघांत ओढतो. त्यानंतर वाचलेले नीट लक्षात राहते असा माझा अनुभव आहे. परीक्षा होईपर्यंतच हे चालू ठेवणार आहे. ताण इतका असतो की दुसरा इलाज दिसत नाही.

उत्तर : आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते आणि काही काळ लक्ष अधिक एकवटल्यासारखे वाटते. पण त्या दहा मिनिटांत आणखी काय काय घडते हेही पाहा. आपण पाच तासांनी खुर्चीवरून उठता, जिने उतरता, मोकळ्या हवेत येता, पुस्तकावरून नजर काढून लांबवर पाहता आणि मित्राशी दोन शब्द बोलता. ताजेतवाने वाटण्याला एवढी सगळी कारणे असताना त्याचे श्रेय एकट्या सिगारेटीला मिळते. आठवडाभर हे सगळे तसेच करा, फक्त सिगारेट वगळा, आणि मग लक्षात किती राहते ते पाहा. पाच तास सलग बसूही नका; दर तासाने पाच मिनिटे उठलात तर डोके जड होण्याची वेळच फारशी येणार नाही.

निकोटीनचा अंमल साधारण दोन तासांत निम्म्यावर येतो. रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत तो उतरू लागला की चिडचिड, अस्वस्थता आणि लक्ष न लागणे सुरू होते आणि पुढची सिगारेट ओढली की ते शमते. त्याला वाटते ताण सिगारेटीने घालवला. प्रत्यक्षात आधीच्या सिगारेटीने निर्माण केलेली अस्वस्थताच ती घालवत असते. आपण अजून त्या चक्रात अडकलेले नसाल, पण परीक्षेची तयारी हा काही महिनाभराचा मामला नसतो हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, निकालाची वाट आणि कित्येकदा पुन्हा पहिल्यापासून तयारी, असे करता करता दोन-तीन वर्षे सहज जातात. सवय अंगवळणी पडायला एवढा काळ पुष्कळ झाला. सोडल्याने मनावरचा ताण वाढेल ही भीतीही पुराव्याला धरून नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये या विषयावरचे २६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेला आढळला.

घरापासून दूर, आई-वडिलांच्या पैशांवर, निकालाची खात्री नसताना अभ्यास करत राहणे किती जड जाते याची मला कल्पना आहे. झोप लागत नसेल, सतत निराश वाटत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो सिगारेटीने भागणारा प्रश्न नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. तो इचलकरंजीहून मुंबईला शिकायला गेला. दिवाळीला घरी आला तेव्हा कपडे धुवायला काढताना त्याच्या पँटच्या खिशात लायटर आणि बडीशेपेची पुडी सापडली. विचारले तर म्हणाला, ‘मित्राचा आहे.’ माझे यजमान सांगतात की त्याला चांगले फैलावर घ्यायला हवे. ते स्वतः तंबाखू खातात, पण सिगारेटीला कधी शिवले नाहीत. मी काय करावे?

उत्तर : ताई, लायटर सापडल्यावर आरडाओरडा न करता आपण मला पत्र लिहिलेत, हे फार चांगले केलेत. एकोणीस वर्षांच्या मुलाला फैलावर घेतले तर तो पुढच्या वेळी खिसे रिकामे करून येईल, एवढेच होईल. पुरावा समोर ठेवून कबुली मागण्यापेक्षा, तो निवांत असताना त्याला सरळ सांगा की तू ओढतोस असे मला वाटते, मी त्यासाठी तुझ्यावर चिडणार नाही, पण मला त्याची काळजी वाटते. मग त्याला बोलू द्या. तो कुठे ओढतो, कोणाबरोबर ओढतो आणि त्याला स्वतःला ती हवी आहे की मित्रांत वेगळे पडू नये म्हणून ओढतो, हे कळले तर पुढचा मार्ग दिसेल. या वयातल्या पुष्कळ मुलांना सिगारेट मनापासून आवडत नसते, पण वसतिगृहाच्या खोलीत चौघांपैकी तिघे ओढत असताना नाही म्हणणे त्यांना जमत नाही. ‘मला खोकला होतो’, ‘मी धावण्याच्या सरावाला जातो’ यांसारखे एखादे साधे कारण त्याच्या ओठांवर तयार असले तरी बराच फरक पडतो. चाळीस वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाविषयी बोलण्याने त्याच्यावर फारसा परिणाम होणार नाही. कपड्यांना येणारा वास, खेळताना लागणारा दम आणि महिन्याकाठी उडणारे पैसे या गोष्टी त्याला आजच समजतात.

यजमानांविषयी मात्र स्पष्टच लिहितो आणि हे उत्तर त्यांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे. महाराष्ट्रात सिगारेट-विडीपेक्षा धूरविरहित तंबाखूचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के लोक तंबाखू, मिश्री, गुटखा यांसारखे पदार्थ वापरणारे आढळले. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू गालात धरणाऱ्या वडिलांनी मुलाला सिगारेटीवरून सुनवावे, हे मुलाच्या मनाला पटणार नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वडिलांनाच अधिक आहे. त्यांनी मुलासमोर बसून ‘मी तंबाखू सोडतो, तू सिगारेट सोड, दोघेही एकमेकांना विचारत राहू’ असे म्हटले, तर त्या एका वाक्याने जे साधेल ते महिनाभर रागावूनही साधणार नाही. दोघांनाही १८००-११-२३५६ या राष्ट्रीय सेवेवर विनामूल्य समुपदेशन मिळू शकते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही तिचे एक केंद्र आहे.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे, दीड वर्षापूर्वी लग्न झाले. शनिवारी मैत्रिणींबरोबर बाहेर गेलो तर एक-दोन सिगारेटी ओढते. पतीला ठाऊक आहे, सासरी नाही. सध्या गर्भनिरोधक गोळ्या घेते आणि वर्षभरात मूल हवे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगणे गरजेचे आहे का? त्या सासूबाईंच्या ओळखीच्या आहेत, म्हणून संकोच वाटतो.

उत्तर : होय, सांगणे गरजेचे आहे, आणि आपण जे सांगाल ते गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. ओळखीमुळे मन मोकळे करता येत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण माहिती दडवू नका. दोन संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि धूम्रपान एकत्र आले की रक्ताची गुठळी, पक्षाघात आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. पस्तिशीनंतर ओढणाऱ्या स्त्रीला त्या गोळ्या सहसा दिल्या जात नाहीत. आपल्या वयात त्या वर्ज्य नसल्या, तरी अर्धशिशी, वाढलेला रक्तदाब किंवा घरात कोणाला गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर निर्णय बदलू शकतो, आणि तो घेण्यासाठी डॉक्टरांना सगळे माहीत असावे लागते.

मूल हवे असल्यास आजच थांबावे. गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत बहुधा चार-सहा आठवडे उलटलेले असतात, त्यामुळे ‘कळले की सोडीन’ हे उशिराचे ठरते. सिगारेटीमुळे गर्भधारणेला वेळ लागू शकतो, गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळाचे वजन कमी भरू शकते. पती ओढत असतील तर त्यांनीही सोडावी, कारण घरातला धूर आपल्याला आणि बाळाला सारखाच बाधतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीकडे आपल्याकडे चारित्र्याच्या नजरेने पाहिले जाते आणि पुरुषाकडे तसे पाहिले जात नाही, हा अन्याय आहे. त्या अन्यायामुळेच कित्येक मुली डॉक्टरांपासूनही ही गोष्ट लपवतात. शरीराचे नुकसान मात्र स्त्रियांचे कमी होत नाही. नॉर्वेत दिवसाला एक ते चार सिगारेटी ओढणाऱ्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा स्त्री-पुरुषांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता, आणि स्त्रियांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका तर सुमारे पाचपट होता.

प्रश्न : ‘माइल्ड’ किंवा पुदिन्याच्या चवीची सिगारेट कमी घातक असते का? मित्र म्हणतात, त्यापेक्षा व्हेप बरा.

उत्तर : नाही. सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या सिगारेटीच्या फिल्टरला बारीक छिद्रे असतात. तपासणीच्या यंत्राने ओढली तर त्यातून हवा मिसळून धूर पातळ होतो. माणूस मात्र नकळत खोल आणि लांब झुरका घेतो किंवा बोटांनी ती छिद्रे दाबून टाकतो. पुदिन्याच्या थंडाव्याने घसा बधिर होतो आणि धूर आत घेणे सोपे जाते, म्हणून नवख्याला ती अधिक धोक्याची. व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटीचे, उत्पादन, विक्री आणि जाहिरात यांवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या उपकरणात निकोटीन किती आणि इतर काय काय आहे, हे सांगणारे कोणी नसते.

प्रश्न : मी २९ वर्षांचा. पूर्वी दिवसाला सहा-सात ओढत असे, लग्नाआधी पूर्ण सोडली. आता रोज मुळीच इच्छा होत नाही. पण पार्टीत दोन पेग झाले की हात आपोआप पुढे जातो आणि त्या रात्री चार-पाच होतात. दुसऱ्या दिवशी स्वतःचाच राग येतो. हे पुन्हा व्यसन आहे का? की महिन्यातून एकदा चालेल?

उत्तर : आपण आधी रोज ओढणारे होता, त्यामुळे आपली गोष्ट वरच्या सर्वांपेक्षा वेगळी आहे. ज्या मेंदूला एकदा निकोटीनची सवय जडली, त्याला ती पुन्हा जडायला फार काळ लागत नाही. आज महिन्यातून एकदा असलेली पार्टी घरातल्या एखाद्या ताणाच्या काळात आठवड्यावर आणि मग रोजच्या चहावर येते, असे मी अनेक रुग्णांत पाहिले आहे. म्हणून ‘महिन्यातून एकदा चालेल’ असे मी आपल्याला सांगू शकत नाही. स्वतःचा राग मात्र धरू नका. एवढी सवय आपण एकदा मोडलेली आहे आणि ते कसब कुठे गेलेले नाही.

दारू आणि सिगारेट यांचे साहचर्य पक्के असते. दारूने स्वतःला आवरण्याची शक्ती सैल पडते, निकोटीन दारूची गुंगी काहीशी कमी करते, आणि दोन्ही एकत्र घेतलेल्या जुन्या रात्रींची आठवण शरीरात असते. त्यामुळे पेग हातात आल्यावर निर्धार करून उपयोग नाही. निर्धाराची वेळ त्याआधीची आहे. पुढचे दोन-तीन महिने दारू पूर्ण टाळता आली तर सर्वांत चांगले. तेवढे शक्य नसेल तर एका पेगवर थांबा, आणि ज्या बाल्कनीत किंवा गच्चीवर सगळे ओढायला जातात तिथे जाऊ नका. पत्नीला किंवा एखाद्या विश्वासू मित्राला आधीच सांगून ठेवा की मी मागितली तरी देऊ नका, कोणी देऊ लागले तर मला बाहेर घेऊन चला. तल्लफ काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी पीत, खात किंवा कोणाशी फोनवर बोलत काढता आला की ती ओसरते.

आणि एखाद्या रात्री चुकून एक ओढली गेलीच, तर ‘आता मोडलेच आहे’ म्हणून उरलेल्या चार ओढू नका. तिथेच थांबा, घरी जा आणि दुसऱ्या दिवशी नेमके कशामुळे झाले ते लिहून ठेवा. असे तीन-चार वेळा झाले तर एकट्याने झुंजत बसू नका, जवळच्या तंबाखूमुक्ती केंद्रात जा. पूर्वी रोज ओढणाऱ्यांना औषधाचा उपयोग होतो. ते घ्यायचे की नाही आणि कोणते, हे डॉक्टर आपल्याला तपासून ठरवतील. ब्रिटिश डॉक्टरांवर रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे केलेल्या अभ्यासात, तरुणपणापासून ओढत राहिलेल्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटलेले दिसले, आणि ज्यांनी वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडली त्यांनी ती दहाही वर्षे जवळजवळ पूर्णपणे वाचवली. आपण अजून त्या वयाच्या आत आहात.